शब्दांचा आवाज ऐकून जाहिरात कशी लिहायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मागच्या दिवाळीआधी आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी, त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात, मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा मेसेज दाखवला. तो असा होता: "उत्कृष्ट दर्जाच्या साहित्यापासून बनविलेली स्वादिष्ट व रुचकर चकली आमच्याकडे उपलब्ध आहे. संपर्क साधावा." आता यात चूक काय म्हणाल तर काहीच नाही, शुद्धलेखन एकदम ठीक, पण हे वाचून कोणाच्या तोंडाला पाणी सुटणार? 'स्वादिष्ट व रुचकर' काढून 'टिकाऊ व मजबूत' टाकलं आणि चकलीच्या जागी पाइप लिहिलं तर हाच मेसेज प्लंबिंगच्या दुकानालाही चालेल. आणि गंमत म्हणजे या काकू बोलायला लागल्या की अशा बोलतात, "अरे खाऊन तर बघ, कशी कुरकुरीत झालीय, तोंडात नुसती कटकन मोडते", की समोरचा अर्धा किलो घेऊनच जातो. पण हातात मोबाइल आला की त्याच बाईंची तहसीलदार कचेरी होते.

मी बारा-तेरा वर्षं मराठीत जाहिराती लिहितोय, बहुतेक छोट्या गिऱ्हाइकांच्या, आणि नवीन पोरं माझ्याकडे काम शिकायला येतात तेव्हा पहिली अडचण हीच असते. ती डोळ्यांनी लिहितात. इंग्रजीतून आलेला मजकूर समोर ठेवून त्याचा अर्थ मराठीत उतरवतात, अर्थ येतो पण आवाज तिकडेच राहतो. आणि वाचणारा माणूस मनातल्या मनात वाचत असला तरी त्याच्या डोक्यात शब्द वाजतातच, तुम्ही हे वाक्य वाचताना आत्ता वाजतंय तसंच. त्यामुळे आवाजाकडे लक्ष कसं द्यायचं ते मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १: आधी वस्तू हातात घ्या, शब्द नंतर

खायची असेल तर खा, कापड असेल तर चोळून बघा, क्लासची जाहिरात असेल तर त्या वर्गात जाऊन अर्धा तास बसा. मग कागदावर वाक्यं लिहायची नाहीत, नुसते आवाज आणि स्पर्श लिहायचे. चकलीसाठी काकूंच्या किचनमध्ये उभं राहून मी लिहिलं होतं: काटे, सोऱ्या, चुर्र, कट, खमंग, तेल निथळलेलं, हाताला कोरडी.

इथे मराठीवाल्यांची चैन आहे राव, कारण आपल्याकडे आवाजातून बनलेल्या शब्दांचं आख्खं कोठारच आहे. कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, झणझणीत, चमचमीत, चुरचुरीत, टवटवीत, लखलखीत, खणखणीत, ठणठणीत. तोच आवाज दोनदा आणि मागे 'ईत'. इंग्रजीत यातल्या कित्येकांसाठी तीन-चार शब्दांचं वर्णन लागेल, आपल्याला एकात होतं, आणि तरी आपण 'उत्कृष्ट' लिहितो.

पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, नवीन लोक नेमके इथेच घसरतात. चकली कुरकुरीत, शेव कुरकुरीत, कांदाभजी कुरकुरीत. करंजी आणि शंकरपाळी मात्र खुसखुशीत, कारण त्यात मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तूप किंवा तेल, असतं, ती कडक मोडत नाही, दाताखाली हलकेच भुगा होते, आणि 'खुस-खुश' म्हणून बघा, तोंडातून हवाच जास्त जाते, मोडल्याचा ठोका कुठेच नाही. 'कुर-कुर' मध्ये तो क दोनदा येऊन आदळतो. पुरणपोळी लुसलुशीत. मिसळ झणझणीत. बेसनाचा लाडू रवाळ, साबुदाण्याची खिचडी मोकळी. 'कुरकुरीत करंजी' लिहिलंत तर क-क जुळलं म्हणून तुम्हाला छान वाटेल, पण जिने आयुष्यात एकदा तरी करंज्या तळल्यात ती बाई वाचूनच म्हणेल की यांची करंजी बिघडलीय, मोहन कमी पडलं. आवाज जुळवायला गेलात आणि मालाची बदनामी करून आलात.

पायरी २: वस्तू टोकदार आहे की गोल, ते ठरवा

हा भाग मला सगळ्यात आवडतो त्यामुळे जरा लांबेल.

कोलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये लोकांसमोर दोन आकृत्या ठेवल्या होत्या, एक काटेरी कोपऱ्यांची आणि एक ढगासारखी गोल गोल, आणि दोन अर्थ नसलेले शब्द दिले, 'ताकेते' आणि 'बालुमा'. कुठलं नाव कोणाचं? तुम्ही आत्ता मनात जे उत्तर दिलंत तेच बहुतेकांनी दिलं. पुढे २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी 'किकी' आणि 'बूबा' असे शब्द घेऊन हाच खेळ मांडला, त्यात तर ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांनी काटेरी म्हणजे किकी आणि गोल म्हणजे बूबा असं सांगितलं. नंतर २०२२ मध्ये २५ भाषांच्या लोकांवर करून पाहिलं तेव्हा सरासरी ७२ टक्के जमलं. म्हणजे सगळीकडे सारखं नाही, पण नाणं उडवून येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त.

आता आपल्याकडचं बघा. काश्मीरच्या मम्मट नावाच्या पंडिताने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात हे जवळजवळ अक्षरांची यादी देऊन लिहून ठेवलंय. माधुर्य हवं असेल तर ट वर्ग टाळा, अनुनासिकाला जोडलेली अक्षरं घ्या, म्हणजे अंग, मंद, गंध असे शब्द, आणि लांबलचक समास नकोत. ओज हवं असेल, वीर किंवा रौद्र रस असेल, तर ट ठ ड ढ घ्या, जोडाक्षरं घ्या, र चे जोड घ्या. कॉलेजात हे पाठ करताना आम्हाला वाटायचं याचा आयुष्यात काय उपयोग, आणि आज मी याच्यावर पैसे कमावतोय.

तर व्यवहारात याचं असं करायचं. कुलूप, टायर, जिम, चप्पल, ट्रॅक्टर, सिमेंट, कडक चहा, अशा मालाला क ट ठ ड ण आणि द्वित्त अक्षरं, म्हणजे क्क, ट्ट अशी तेच अक्षर दोनदा जोडलेली, शोभतात: पक्का, घट्ट, दणकट, टिकाऊ, कडक, खणखणीत. उलट साय, लोणी, बाळाची दुपटी, सुती साडी, झोपेची गादी, इथे म ल व य स आणि अनुस्वार: मऊ, मलमल, सायीसारखं, अलगद, विरघळणारं, गंध.

मी हे शिकलो ते फजिती होऊन. सुरुवातीच्या वर्षात एका डेअरीवाल्यांसाठी श्रीखंडाची ओळ लिहिली होती, "घट्ट चक्का, पक्का थाट!" मला भयंकर अभिमान, केवढं जमलंय, ट्ट क्का क्का थाट. मालकांच्या आई तिथे बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हे श्रीखंड आहे का सिमेंट?" झालं. सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन रात्रभर तेच डोक्यात. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, अर्थाने चक्का घट्टच असतो, चांगल्या श्रीखंडाची ती खूणच, पण कानाला मी लोकांना भिंत चाटायला दिली होती. दुसऱ्या दिवशी "सायीसारखं मऊ, जिभेवर विरघळणारं, केशराच्या रंगाचं श्रीखंड" असं साधंच काहीतरी दिलं. त्यात चलाखी काहीच नाही, पण म्हणून बघा, तोंड कुठे आपटत नाही.

एक करून बघा. कुठल्याही तयार ओळीतली ट ठ ड ढ आणि द्वित्त अक्षरं पेनाने गोल करा. मऊ मालाच्या ओळीत पाचपेक्षा जास्त गोल झाले तर परत लिहा. पाच हा आकडा माझाच आहे, कुठल्या शास्त्रातला नाही.

पायरी ३: स्वर उघडा की मिटलेला

एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने, योगायोगाने त्याच १९२९ साली, लोकांना सांगितलं की 'मिल' आणि 'माल' ही दोन टेबलांची नावं आहेत, मोठं कुठलं? बहुतेक लोक म्हणाले माल. इ म्हणताना तोंड बारीक होतं, आ म्हणताना जबडा उघडतो, असं त्यामागचं साधं कारण सांगतात. मराठीत चिमुकला, पिटुकला, इवलासा, किंचित एका बाजूला, आणि अवाढव्य, भलामोठा, धिप्पाड दुसऱ्या बाजूला, बरोबर बसतं ना? पण लगेच फार खूश होऊ नका, कारण 'लहान' मध्ये भला मोठा हा आहे आणि 'विशाल' सुरूच वि पासून होतो. म्हणजे हा नियम नाही, कल आहे. दोन शब्द अर्थाने सारखेच चालत असतील तेव्हा कोणता घ्यायचा एवढंच यावरून ठरवायचं.

घरांच्या जाहिरातीत मात्र हे फार कामाला येतं. सगळे बिल्डर 'प्रशस्त' लिहितात. प्रशस्त म्हणताना तोंड आवळतं हो, प्र आणि स्त मध्ये अडकतं, आणि 'ऐसपैस' म्हणताना माणूस मांडी घालून बसल्यासारखा सैल होतो. 'ऐसपैस हॉल' आणि 'प्रशस्त हॉल', चौरस फूट तेवढेच, पण मला तरी पहिला मोठा वाटतो.

पायरी ४: अनुप्रास, म्हणजे मिठासारखा

तेच अक्षर परत परत आलं की लक्षात राहतं हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे नवीन माणूस पहिल्या आठवड्यात अनुप्रासाचीच पोती रिकामी करतो. "काकूंच्या कुशल करांतून कुरकुरीत काटेरी..." बास. तीन झाले की थांबा. चौथ्याला वाचणाऱ्याचं लक्ष चकलीवरून उडून लिहिणाऱ्यावर जातं. "कच्चा पापड पक्का पापड" दहा वेळा म्हणायची लहानपणची पैज आठवा, तिथे पापड कोणालाच आठवत नाही.

मराठीत अजून एक गोची आहे जी इंग्रजी माध्यमातल्या पोरांना पटकन कळत नाही, आपली च ज झ ही अक्षरं दोन-दोन आवाजांची आहेत. 'चिवडा' मधला च वेगळा आणि 'चकली' मधला वेगळा, एक टाळूला लागतो, दुसरा दातांच्या मागे. तसंच 'जीव' आणि 'जाड'. कागदावर "चविष्ट चिवडा चकली चिरोटे" एकदम रांगेत उभे दिसतात पण म्हणायला गेलात की जीभ मागेपुढे हेलपाटे घालते. याच्या उलट श आणि ष, किंवा बऱ्याच जणांच्या बोलण्यात इ आणि ई, दिसायला वेगळे आणि कानाला एकच. म्हणून अनुप्रास डोळ्यांनी मोजायचा नाही.

आणि पहिलंच अक्षर जुळलं पाहिजे असं कोणी सांगितलंय? मधली अक्षरं जुळली तर ती जास्त गोड लागतात, कारण वाचणाऱ्याला युक्ती दिसत नाही. "केशराचा रंग, वेलचीचा गंध" यात सुरुवातीला काहीच जुळत नाही, रं आणि गं तेवढे नाकात घुमतात. 'खमंग' आणि 'घमघमाट' हे दोन्ही वासाचे शब्द आणि दोन्हीत नाकातला आवाज, हा माझा आवडता योगायोग आहे, योगायोग असला तर.

पायरी ५: यमक, पण उखाणा नको

यमकाची ताकद कुठे दिसते तर म्हणींमध्ये. "अति तिथे माती." आता हेच असं सांगा: कुठलीही गोष्ट प्रमाणाबाहेर केली की नुकसान होतं. अर्थ तोच, पण दुसऱ्या वाक्यावर माणूस वाद घालेल, "नाही हो, प्रत्येक वेळी कुठे", पहिल्यावर मान डोलावेल. "दाम करी काम", "नाव मोठं लक्षण खोटं", "बळी तो कान पिळी", सगळ्यांचं तेच. मॅकग्लोन आणि तोफिगबख्श या दोघा संशोधकांनी २००० साली हे इंग्रजी म्हणींवर तपासून छापलं, तीच म्हण यमकासकट दिली की लोकांना ती जास्त खरी वाटते, यमक मोडून दिली की कमी. आणि अमेरिकेत १९९५ साली ओ. जे. सिम्पसन या फुटबॉलपटूवरच्या खुनाच्या खटल्यात त्याचा वकील जॉनी कॉक्रनने ज्युरीला यमकातच सांगितलं होतं की पुराव्यातला हातमोजा याच्या हाताला बसत नसेल तर याला सोडा, इंग्रजीत ते 'फिट' आणि 'अक्विट' असं जुळतं. सिम्पसन सुटला. यमकामुळेच सुटला असं कोणी म्हणू शकत नाही, पण तो खटला ज्यांना आठवतो त्यांना ते वाक्य आठवतंच.

पण त्याच २०००च्या प्रयोगात अजून एक गोष्ट निघाली होती जी जाहिरातवाले सांगत नाहीत. लोकांना आधीच बजावलं की बाबांनो, शब्दांची सजावट वेगळी आणि म्हणणं वेगळं धरा, तर यमकाचा तो फायदा जवळपास उरला नाही. म्हणजे वाचणाऱ्याला संशय आला की संपलं. आणि मराठी वाचणाऱ्याला संशय फार लवकर येतो, कारण तो उखाण्यांवर वाढलाय. "गुलाबाचं फूल, मोगऱ्याचा वास, आमच्या दुकानात या तुम्ही खास." हे वाचलं की प्रत्येकाला कळतं की फूल आणि वास नुसते जागा भरायला आलेत, खरी गोष्ट शेवटच्या पाच शब्दांत आहे आणि तीही काही विशेष नाही. लग्नात ते चालतं, तिथे सगळे नाव ऐकायलाच थांबलेले असतात. तुमच्या जाहिरातीसाठी कोणी थांबलेलं नसतं.

दुसरा धोका आपल्या व्याकरणातच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं: या-घ्या, करा-धरा, येतो-देतो, वाचवा-जगवा. फुकट मिळतं म्हणून त्याला किंमत नाही. नाम आणि नाम, नाम आणि क्रियापद, किंवा नाम आणि विशेषण असं जुळवलं तर कान टवकारतात, "दाम करी काम" मध्ये दोन्ही नामं आहेत बघा. अर्थात याला अपवाद आहेतच, "वाट पाहीन पण एसटीनेच जाईन" हे दोन क्रियापदांवरच उभं आहे आणि तरी पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडात आहे. माझ्या मते ते टिकलं 'पण' आणि 'नेच' मुळे. त्यात एक हट्टी माणूस स्टँडवर उभा आहे, तो आपल्याला दिसतो. "पाणी अडवा पाणी जिरवा" तर नुसता 'वा' वर चालतं, पण दोन कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने सांगितलीत आणि पाणी दोनदा आल्यामुळे हातोड्यासारखी लय आलीय. आणि अमूलचं 'अटर्ली बटर्ली', १९६६ पासून चालू असलेल्या त्या मोहिमेचं, तिथे तर यमकातच माल लपवलाय, बटर काढलं तर यमक पडतं. यमकातला शब्द आणि विकायची वस्तू एकच, याच्यापुढे मला तरी काही सुचत नाही.

एक सांगून ठेवतो. यमक जुळतंय म्हणून दावा वाढवायचा नाही. "पोट होईल सपाट, महिन्याभरात झपाट" असलं लिहून द्या म्हणून गिऱ्हाईक मागे लागतं, मी देत नाही, एक तर खोटं आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, यमकाला सूट नाही.

पायरी ६: 'आहे' कापा, जोडाक्षरं तपासा

हे छोटं आहे पण यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. "आमची चकली कुरकुरीत आहे. ती भाजणीपासून बनवलेली आहे. ती घरपोच उपलब्ध आहे." आहे, आहे, आहे, सत्यनारायणाच्या पूजेतल्या घंटेसारखं. शेवटचा शब्द कानात सगळ्यात जास्त वेळ राहतो आणि ती जागा आपण 'आहे' ला देऊन टाकतो. वाक्य असं फिरवा की शेवटी माल येईल नाहीतर चव येईल. "भाजणीची कुरकुरीत चकली. घरपोच."

जोडाक्षरांचं म्हणाल तर उत्कृष्ट, वैशिष्ट्यपूर्ण, सर्वोत्कृष्ट, हे शब्द म्हणजे रस्त्यातले स्पीडब्रेकर, प्रत्येकाला गाडी थांबते. घाईत स्क्रोल करणारा माणूस तिथे थांबत नाही, उतरूनच जातो. पण सरसकट काढू नका. सराफाच्या, बँकेच्या, दीडशे वर्षं जुन्या देवस्थानाच्या मजकुरात थोडं वजन लागतं आणि ते वजन संस्कृत शब्दांनी येतं. 'विश्वास' च्या जागी 'भरवसा' सराफाला चालेल का? भरवसा वाण्यावर ठेवतात, सराफावर विश्वास. का, ते मला सांगता येणार नाही.

लयीसाठी एकच सांगतो, सलग तीन वाक्यं सारख्या लांबीची नकोत.

पायरी ७: आकडे आणि नावंसुद्धा वाजतात

किंमत लिहिताना सगळे ४९, ९९ टाकतात, इंग्रजीत 'फॉर्टी नाइन' म्हटलं की चाळिशीच ऐकू येते म्हणून ते चालतं. मराठीत ४९ म्हणजे काय? एकोणपन्नास. त्यात पन्नास हा शब्द पूर्णच्या पूर्ण बसलाय! ५९ एकोणसाठ, ६९ एकोणसत्तर. म्हणजे रुपया कमी करून आपण गिऱ्हाइकाच्या कानात वरचाच आकडा म्हणतोय, आणि वर तो आकडा लांबलचकही झाला. मात्र ९९ ला ही अडचण नाही, नव्याण्णव मध्ये शंभर कुठेच नाही. म्हणून रेडिओवर किंवा रिक्षावरच्या भोंग्यावर बोलायची जाहिरात असेल तर मी ४९ पेक्षा ४५ किंवा ४८ सुचवतो, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस, चाळीस ऐकू येतं. छापील असेल तर काही फरक पडू नये, आणि शहरात निम्मे लोक तसंही 'फॉर्टी नाइन'च वाचतात. हे माझं निरीक्षण आहे, दुकानदार ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी.

नावाचं म्हणाल तर कोडॅक हे नाव जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली चक्क बनवलं, अर्थ काहीच नाही, त्याला क हे अक्षर ठसठशीत वाटायचं म्हणून दोन्ही टोकांना क. शटरचा आवाजच म्हणा ना. आपल्याकडे १९९९ ला आलेलं 'कुरकुरे' तर सरळ आवाजच उचलून पाकिटावर छापलाय. नवीन नाव ठरवताना माझी परीक्षा अशी: गर्दीच्या रस्त्यावरून फोन लावा आणि समोरच्याला नाव एकदाच सांगा. "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं तर ते नाव गेलं. 'स्वादऋतू', 'गृहस्मृती' अशी नावं कवितेत छान, फोनवर मरतात.

पायरी ८: मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्याकडून वाचून घ्या

तुम्ही स्वतः वाचाल तेव्हा तुम्हाला हवी तशीच लय येणार कारण ती तुमच्या डोक्यात आहे, म्हणून मजकूर न पाहिलेल्या माणसाला द्या आणि गप्प बसा. जिथे तो अडखळेल तिथे खूण करायची, त्याला सांगायचं नाही की असं म्हण, तसं म्हण. मी साधारण तीन जण घेतो, एक साठीच्या पुढचा, एक कॉलेजातला आणि एक आपल्या भागाबाहेरचा. हा तिसरा फार महत्त्वाचा. कारण खूप लोक बोलताना ण चा न करतात, पाणी नाही पानी, मुंबईत कित्येकांच्या तोंडी ळ चा ल होतो, कोकणातला हेल वेगळा, नागपूरचा वेगळा. तुमची सगळी गंमत 'कण' आणि 'मन' न जुळण्यावर किंवा एका 'ळ' वर उभी असेल तर अर्ध्या महाराष्ट्रात ती पोचणारच नाही. माझी 'गुळाची गोडी, मुळाची ओढी' अशी एक ओळ होती, गावाच्या ओढीबद्दल म्हणून, एका नव्या मुलीने ती 'मुलाची ओढी' वाचली आणि विचारलं की हे बारशाचं आहे का. 'ओढी' हे मीच यमकासाठी ओढूनताणून केलं होतं, त्यामुळे कोणाला दोष देणार.

आता काकूंचा मेसेज. हे सगळं करून मी त्यांना दिला तो असा: "काटेरी, कुरकुरीत, खमंग. भाजणीची चकली. डबा उघडा, एक मोडा, आवाज ऐका. अर्धा किलोपासून घरपोच." तीन क-ख सुरुवातीला, ती टोकदार वस्तू आहे म्हणून ट आणि क, पुढे 'उघडा', 'मोडा', 'ऐका' वर थोडी लय, 'आहे' एकही नाही. मला वाटलं झालं काम.

काकूंनी मोठ्याने वाचला, मग म्हणाल्या, "भाजणी मागे का टाकलीस? बायका आधी तेच विचारतात, भाजणीची का तांदळाची." आणि भाजणी पहिल्या ओळीत घेतली, काटेरी उडवलं, "काटे काय सगळ्यांच्याच चकलीला असतात." मग फोन टेबलावर ठेवला, घाण्यातली गार झालेली एक चकली घेतली, फोनजवळ नेऊन मोडली, आणि तो चार सेकंदांचा व्हॉइस मेसेज आधी ग्रुपवर टाकला. माझा मजकूर त्याच्या खाली गेला.